तीन मांजरं आणि आईचं सोवळं

बोक्याच्या मुताचा वास ज्याला ठाऊक नाही त्याला तो सांगून कळणार नाही, आणि ज्याला ठाऊक आहे त्यानं एव्हाना नाकाला पदर लावला असेल. आमच्या घरात तो वास तंजावूरजवळच्या ओरत्तनाडूहून आला, भाजीच्या प्लास्टिकच्या क्रेटमध्ये बसून.

ओरत्तनाडूला माझी मावशी वारली. शेवटी शेवटी आई तिच्या उशाशी होती. मावशीनं दुसरं काही मागितलं नाही, फक्त आपला बोका आईच्या गळ्यात घातला, आणि आईनं शब्द दिला. मावशीच्या मुलाला समया हव्या होत्या, पितळी हंडे हवे होते, वेट ग्राइंडरसुद्धा हवा होता. बोका तेवढा नको होता. सुतक फिटायचीही वाट न पाहता हा माझा मावसभाऊ क्रेट घेऊन तंजावूरला आमच्या दारात हजर झाला. "सुतकात आहे, आत येत नाही," म्हणाला आणि ओट्यावर बसून दोनदा कॉफी प्यायला. सुतक कॉफीला नव्हतं. मला तेव्हाच त्याची शिसारी आली.

बोक्याचं वर्णन करायला मन होत नाही, पण करते. एक डोळा चिकटलेला, कानात काळा मळ, आणि तोंडातून सतत लाळेची तार. आमच्याकडे आधीपासून दोन मांजरं आहेत, एकाच वेताची बहीणभाऊ. माझ्या पलंगावर एकमेकांच्या मानेत तोंड खुपसून झोपायची. ती धावत आली आणि क्रेट हुंगायला लागली.

"सुतकाच्या घरून आलाय," आई आतून म्हणाली. "न्हाणून आत घ्याचं. आणि ह्या दोघांनी त्याला शिवलं नाही का? ह्यांनाही न्हाण घाल गे."

आईच्या सोवळ्याबद्दल इथं सांगायला हवं. आईचं पूजेचं रेशमी लुगडं स्वयंपाकघरातल्या उंच दांडीवर असतं. ती ते काठीनं चढवते आणि काठीनंच उतरवते. रेशीम रोज धुवावं लागत नाही, म्हणून त्याला तूप, कापूर, सांबरणीच्या उदाचा धूर आणि आई, या सगळ्यांचा वास आहे. लहानपणी शाळेच्या कपड्यांनी मी एकदा त्याला शिवले. आईनं भर थंडीत पुन्हा अंघोळ केली आणि दिवसभर माझ्याशी बोलली नाही. तेव्हापासून त्या दांडीखालून मी अंग चोरून जाते. मी आता कचेरीत हेड क्लार्क आहे, केस पिकलेत, तरीही अंग चोरूनच जाते.

तर मी तिन्ही मांजरांना हळदीच्या पाण्यानं आणि शिकेकाईनं न्हाऊ घातलं. माझ्या दंडांची काय अवस्था झाली ते सोडा. मांजरं वाळली, आणि घरातला भाऊ आपल्या सख्ख्या बहिणीकडे बघून फुत्कारला. तिनं त्याच्या नाकावर पंजा मारला. मग तिघांची अशी जुंपली की स्वयंपाकघरभर केसांचे पुंजके उडाले. बहीण कपाटावर चढून बसली ती उतरेचना, दूध दिलं तरी तोंड लावीना. भावानं माझ्या उशीवर घाण केली. आणि बोका रोज उंबऱ्यावर धार सोडायला लागला, नेमकी आईनं कोलमची रांगोळी काढल्यावर. तांदळाचं ओलं पीठ आणि मूत एकत्र झालं की जो लगदा होतो तो खरवडायचं काम माझं.

मी मावसभावाला फोन केला. म्हटलं, तुझा बोका घेऊन जा.

"त्यात काय मोठं," तो म्हणाला. "पोत्यात घाल आणि मासळी बाजाराच्या मागं सोडून ये. मांजरच आहे."

फोन स्पीकरवर होता. आई भाजी निवडत होती. तिचे हात थांबले. "मी शब्द दिलाय," एवढंच ती म्हणाली, आणि पुन्हा निवडायला लागली. पण त्या दिवशी ती नीट जेवली नाही. मी तर फोन ठेवून हात धुतले. त्या माणसाचा आवाजसुद्धा अंगाला चिकटल्यासारखा वाटत होता. तरी खरं सांगायचं तर पोतं कुठं आहे हे मला ठाऊक होतं, आणि उंबरा खरवडताना त्याची आठवणही यायची. कपाटावरची वाळत चालली होती. असंच चाललं तर एक मांजर घालवावंच लागणार होतं, आणि कुठलं ते उघड होतं.

शेवटी गुरांच्या डॉक्टरला गाठलं. तो आधी पोटभर हसला. तिघांनाही न्हाऊ घातलंत? अहो, मांजर मांजराला वासानं ओळखतं. तुम्ही वासच धुऊन टाकलात, मग सख्खा भाऊ तरी कसा ओळखू येणार? घरातलं एखादं वापरातलं, न धुतलेलं कापड घ्या, तिघांच्या अंगावरून एकापाठोपाठ एक फिरवा, घरचा एकच वास तिघांना लागू दे.

मी घरभर कापड शोधलं. टॉवेल, चादरी, माझे कुडते, सगळ्याला सर्फचा वास. उशीचे अभ्रे तर मी मुतापायी डेटॉलमध्ये उकळले होते. त्यातल्या त्यात मळका एक टॉवेल फिरवून पाहिला. बोका शिंकला आणि त्यावरच मुतला. "पुरे झालं," मी म्हटलं, "उद्या त्याला घालवते."

"तीस मी काय सांगू मग?" आई म्हणाली. वारलेल्या बहिणीला काय सांगू, असं ती विचारत होती.

मग तिनं काठी उचलली आणि दांडीवरचं सोवळं उतरवलं. मला वाटलं पूजेला बसणार. ती बसली बोक्यापाशी. त्या लुगड्याच्या पदरानं तिनं त्याची लाळ पुसली, चिकटलेला डोळा पुसला, पाठीवरून सावकाश हात फिरवला. मग भावाच्या अंगावरून. मग स्टूल ओढून कपाटावरच्या बहिणीच्याही.

"आई, ते सोवळं आहे!" मी जवळजवळ ओरडले.

"मणून काय? ह्या घराचा वास ह्याच लुगड्यास राहिलाय. बाकी सगळं तू धुऊन टाकलंस."

लगेच गळाभेट वगैरे झाली नाही. फुत्कारणं काही दिवस चाललं. पण आई रोज तेच करत राहिली, आणि बहीण एका सकाळी खाली उतरून भावाशेजारी दूध प्यायली. बोका उंबरा विसरला. लाळ मात्र अजून तशीच गळते.

आई आता सुती लुगडं ओलं करून नेसते आणि पूजा करते. रेशमी लुगडं दांडीवर परत गेलंच नाही. ते कोपऱ्यात पसरलेलं असतं आणि त्यावर तिघं झोपतात. काल केर काढताना ते मला हलवायला लागलं. मी वाकून त्यावर हात ठेवला. केस, पिसवांची काळी कणी, लाळेनं कडक झालेली जरीची किनार. या लुगड्याला मी यापूर्वी आयुष्यात एकदाच शिवले होते.

मी हात काढला नाही.