फ्रिजचं पाच दिवसांचं इन्स्पेक्शन

चहा आधी संपवा, मग ऐका. मागच्या वेळी हा किस्सा सांगताना आमच्या जावयाच्या नाकात चहा गेला होता! आता तुमच्यापासून काय लपवू? चौतीस वर्षं फॅक्टरीत इन्स्पेक्टर म्हणून काढलेला मी, घरासाठी एक साधा फ्रिज निवडताना असा तोंडावर आपटलो, की अजूनही कांचघर मोहल्ल्यातल्या आमच्या गल्लीत बायका मला पाहून गालातल्या गालात हसतात.

झालं असं, की जानेवारी लागला आणि आमच्या जुन्या फ्रिजनं बर्फ धरणं सोडलं. माझी बायको शोभा हवालदिल. जानेवारी म्हणजे आमच्याकडे मटरचा महिना. पनागरचे ओळखीचे पटेल काका दरवर्षी एक अख्खं पोतं आणून देतात. आम्ही दोघं ते सोलतो, मग शोभा त्या दाण्यांचं काय काय करते आणि वर्षभर पुरवते.

"रविवारी पोतं येऊन राहिलं," ती म्हणाली. "त्याच्या आधी फ्रिज आला पाहिजे, नाही तर वर्षाचे मटर गेले समजा. आणि कूलरसारखं करू नका जी!"

कूलर मी अंदाजानं घेतला होता. तो खोलीच्या दारातून आत जाईना, म्हणून चार वर्षं झाली, ओसरीत उभा राहून रस्त्याला हवा घालतोय. म्हणजे या वेळी माझी इज्जत पणाला लागली होती. अंदाज बंद! मोजमाप करायचं!

आणि खरं सांगू? मला भयंकर कुतूहल वाटायला लागलं. दोन माणसांच्या घरात फ्रिजला नेमकं लागतं किती? इतकी वर्षं मी त्यातून फक्त पाण्याची बाटली काढत आलो. मागे एवढं सगळं भरलेलं असतं, ते असतं तरी काय?

ठरवलं, सोमवार ते शुक्रवार फ्रिजचं इन्स्पेक्शन करायचं. मात्र शोभाला सांगायचं नाही. का? तर आमच्या खात्याचा पहिला नियमच तो. आधी कळवलं की माल बदलतो! आम्ही येणार म्हटलं की सेक्शनवाले खराब माल गुपचूप शेजारच्या सेक्शनमध्ये सरकवायचे. मी तो ट्रॉलीच्या चाकांच्या खुणांवरून शोधून काढायचो. एवढी तेज नजर होती हो माझी.

सोमवारी सकाळी शोभा फिरायला गेली आणि मी वही, टेप, लीटरचा मग घेऊन फ्रिजसमोर पाट मांडून बसलो. काय सांगू, नवीन दुनियाच ती! श्रीखंडाच्या डब्यात आल्याचं वाटण. आइस्क्रीमच्या डब्यात कोथिंबीर. बिस्किटांच्या डब्यात कढीपत्ता, आणि कढीपत्त्याखाली पुन्हा एक डबी. हे कोणी ठरवलं असेल? प्रत्येक डबा उघडला, आत डोकावलो, वास घेतला, मापलं, लिहिलं. एकूण एकशे चाळीस लीटर, हवा सोडून.

फ्रीजरमध्ये मटरची मुठीएवढी पिशवी होती, गेल्या वर्षीची. मी लिहिलं, 'मटर, पिशवी एक.' पोतं मी दरवर्षी सोलतो, पण सोललेले दाणे पुढे कुठे जातात, हे कधी पाहिलंच नव्हतं.

शेवटी खोव्याच्या जलेबीचा डबा हातात घेऊन मी त्याची उंची मोजत होतो, तेवढ्यात शोभा परत आली.

"काय करून राहिले?"

"काही नाही. पाहून राहिलो."

"काहून?"

"असंच."

आता एक गोष्ट तुम्हाला सांगायची राहिली. मला शुगर आहे.

मंगळवारी जलेबीचा डबा गायब! मी लिहिलं, 'संपली.' बुधवारी मी पुन्हा श्रीखंडाचे डबे उघडून पाहताना तिला दिसलो, आणि गुरुवारी श्रीखंडाचा एकही डबा जागेवर नाही. मुरंबा गेला, साय गेली, खोवा गेला, झाकण असलेली प्रत्येक वस्तू गेली. थंडी होती, म्हणून भाजीही ओसरीतल्या टोपलीत गेली. मी रोज आकडा लिहितोय. एकशे चाळीस, एकशे दहा, सत्तर, चाळीस. शुक्रवारी राहिलं दूध, दही आणि एक लिंबू.

तुम्ही म्हणाल, संशय नाही आला? आला ना! पण भलताच आला. मी आलेख काढला. रेघ सरळ खाली. मग मला जाणवलं, की मुलगी लग्न होऊन पुण्याला गेली, आपलं वय झालं, घराची भूक कमी होत चाललीय आणि आपल्याला पत्ताच नाही. खोटं नाही सांगत, त्या एकट्या लिंबाकडे पाहून मी फ्रिजचं दार अगदी हळूच लावलं.

जेवताना मी हळूच विचारलं, "शोभा, आजकाल आपण कमी खाऊन राहिलो का गं?"

"तुम्ही कमी खा, तेवढं पुरे," ती म्हणाली आणि माझ्याकडे अशी रोखून पाहायला लागली, की मी वाढून घेतलेला भात परत ठेवला.

शनिवारी सकाळी मी सदर बाजारातल्या दुकानात. सेल्समन बिचारा भला माणूस.

"सर, फैमिली में कितने लोग हैं?"

"लोग मत पूछिए, रीडिंग देखिए," म्हणत मी वही उघडली.

त्यानं आलेख पाहिला, वही उलटी करून पाहिला, पुन्हा सरळ करून पाहिला. "सर, मेरी मानिए तो थोड़ा बड़ा ले लीजिए. मटर का सीज़न है."

"भैया, चौंतीस साल इन्स्पेक्शन किया है. हमारे यहाँ मटर एक थैली."

आणि मी दुकानातला सगळ्यात छोटा फ्रिज घेतला. कंबरेइतका. मोजूनमापून! दुपारी तो घरी आला, स्वयंपाकघराच्या दारातून विनाअडथळा आत गेला. आणणाऱ्यांनी जाताना जुनाही उचलून नेला. आहे की नाही पक्कं काम?

शोभा बाजारातून आली. फ्रिजकडे पाहिलं. त्याच्या मागे पाहिलं. मग मला विचारलं, "बाकीचा कुठे आहे?"

मी वही पुढे करणार, तेवढ्यात दारात शेजारच्या शुक्ला भाभी. हातात मोठं घमेलं, त्यात श्रीखंडाचे डबे, आइस्क्रीमचे डबे, मुरंब्याची बरणी आणि सगळ्यात वर जलेबीचा डबा.

"आंटी जी, नया फ्रिज आ गया ना? अपना सामान रख लीजिए. एक चक्कर और लगेगा. मेरे फ्रिज का तो दरवाज़ा ही नहीं लग रहा."

मी आळीपाळीनं दोघींकडे पाहत राहिलो.

"तुम्ही रोज सकाळी गोड शोधून राहिले होते ना!" शोभा कडाडली. "म्हणून सगळं भाभीकडे लपवून ठेवलं मी!"

"गोड? अगं, मी तर माप घेत होतो!"

"जलेबीचं?"

इन्स्पेक्टर आला, माल शेजारच्या सेक्शनमध्ये गेला. चौतीस वर्षं मी दुसऱ्यांचं हेच पकडलं आणि माझ्या स्वतःच्या स्वयंपाकघरात मला ट्रॉली दिसली नाही!

रविवारी पोतं आलं. सोलून झाल्यावर नव्या फ्रीजरमध्ये चार पिशव्या बसल्या. उरलेल्या सव्वीस पिशव्या शोभानं एकेक करून माझ्यापुढे मांडल्या. ती ओरडली असती तर परवडलं असतं. मला फार वाईट वाटलं. शेवटी पुन्हा शुक्ला भाभीच धावून आल्या. त्यांनी आपला फ्रीजर रिकामा केला आणि आमचे मटर वाचले.

तेव्हापासून घरी मटरभात करायचा म्हटलं, की वाटी घेऊन शेजारी जायचं काम माझ्याकडे आहे. परवा असाच गेलो. भाभींनी फ्रिज उघडला. काय फ्रिज आहे हो! केवढा मोठा! मधल्या कप्प्यात झाकण लावलेले सात-आठ डबे. त्यात काय असेल? मला राहवेना. मी फक्त मान थोडी पुढे केली, एवढंच, आणि हात आपोआप खिशातल्या टेपकडे गेला.

भाभींनी फटकन दार लावलं आणि अगदी नम्रपणे म्हणाल्या, "अंकल जी, आप वहीं दरवाज़े पर रुकिए. आंटी ने कहा है, इनको फ्रिज के पास खड़ा मत होने देना."