आईच्या कार्डिगनची बाही

गेल्या महिन्यात जपानच्या एका खेडेगावात मला माझ्याच आईचा संशय यायला लागला.

आम्ही दोघीच गेलो होतो. इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीहून जपान, तिथे भाड्याची छोटी गाडी, डोंगरातले रस्ते आणि रोज नव्या गावात गरम पाण्याच्या झऱ्यावर आंघोळ… आईच्या गुडघ्यांसाठीच हा सगळा घाट घातला होता.

पहिल्या दिवशी आई दारातूनच मागे फिरली. "तू जा, मला जरा कणकण वाटतेय." कपाळाला हात लावला, तर गार. दुसऱ्या गावात डोकं दुखत होतं, तिसऱ्यात पोट… आणि जिना चढताना गुडघे धरून बसत होती ते वेगळंच.

तिथे सगळ्या बायका अंगावर काहीही न घालता एकत्र पाण्यात उतरतात. लाजत असेल म्हणावं, तर ही बाई गावाकडे नदीवर बायकांच्या घोळक्यात आंघोळ करून वाढलेली.

मी नर्स आहे, तीही ब्रेस्ट क्लिनिकमध्ये. दुखणं लपवणाऱ्या बायका रोज बघते. मग काय, मला सगळंच खटकायला लागलं… ती माझ्यासमोर कपडे बदलत नव्हती. घाम फुटला तरी कार्डिगन काढत नव्हती. एकदा मावशीशी फोनवर कुजबुजत होती, आणि मला बघताच "ठेवते गं" म्हणून फोन बंद!

गाडी चालवता चालवता मी मनात स्कॅनची अपॉइंटमेंट, माझी रजा, सगळं ठरवून टाकलं. आणि रागही येत होता… माझ्यापासून लपवते?

चौथ्या गावात काउंटरवर एक जपानी आजीबाई होत्या. आईने नवं कारण काढायच्या आत मी तिला तिथेच अडवलं. "आई, खरं सांग. कुठेतरी गाठ आहे ना?"

"गाठ? कसली मेली गाठ!" ती बघतच राहिली. मग इकडेतिकडे बघून तिने हळूच बाही वर केली.

मनगटाच्या वर तिचं गोंदण. हिरवट तुळशीवृंदावन आणि बाजूला चार ठिपके. सात वर्षांची असताना जत्रेत तिच्या आईने गोंदवून घेतलेलं.

"पहिल्याच ठिकाणी बोर्ड होता ना, टॅटूवर फुली मारलेला? माझ्यामुळे तुलाही बाहेर काढलं असतं. एवढ्या हौसेनं आणलंस… मावशीला विचारत होते, बेसन लावून झाकता येईल का."

मी तिथेच खाली बसले आणि रडले. तो बोर्ड मीही वाचला होता हो! पण टॅटू म्हणजे जिममधल्या पोरांच्या दंडावरचे. आईच्या हातावरचं ते आईचंच असतं, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

मी फोनवर भाषांतर करून आजीबाईंना विचारलं. त्यांनी आईचा हात हातात घेऊन गोंदण नीट बघितलं, ड्रॉवरमधून कातडीच्या रंगाचा स्टिकर काढला आणि स्वतःच हलकेच चिकटवला. वर आईला वाकून नमस्कार!

त्या दिवशी आई पाण्यातून बाहेर यायलाच तयार नव्हती.

चार दिवस मी तिच्या अंगात आजार शोधत होते, आणि ती माझी ट्रिप सांभाळत होती. आता कॉव्हेंट्रीत पोळ्या लाटताना तिने बाही वर केली, की मी तो हात धरून बघत बसते… आणि ती संशयाने विचारते, "काय गं, बरी आहेस ना?"