कवेलू उतरवलेलं घर

हे मी कोणालाच सांगितलेलं नाही. समितीत नाही, घरी नाही. पत्रकं लिहिताना माझा हात कधी अडला नाही — निषेध, धिक्कार, जाब द्या — सगळं एका दमात. आज अडतो आहे. जाब दुसऱ्या कोणाला विचारायचा नाही ना!

सत्तरचं दशक संपत आलं होतं. साकोलीतून जाणारा हमरस्ता रुंद होणार होता. रस्त्याकाठच्या भिंतींवर चुन्याच्या खुणा पडल्या होत्या. कुठे घराची ओसरी जाऊन पक्कं दुकान उभं राहिलेलं, कुठे चिंचेखालच्या न्हाव्याच्या जागी पंक्चरवाला. उसना आणलेला कॅमेरा गळ्यात अडकवून मी हे बदलतं गाव टिपत हिंडायचो. खरे फोटो होते ते. पुष्कळ होते. मग तेवढ्यावर माझं का भागलं नाही?

कारण त्यांत कोणी रडत नव्हतं.

गिरजाकाकू रस्त्यालगत राहायची. एकटी. दारातच भट्टी, मुरमुरे भाजायची. बसमधून उतरलेला माणूस तिच्याकडची पुडी घेऊनच पुढे जायचा. पावसाळ्याआधी आपल्याकडे सगळेच कवेलू, म्हणजे छपरावरची कौलं, फेरतात — उतरवायचे, फुटके काढायचे, पुन्हा चढवायचे. त्या दिवशी तिच्याकडे तेच चाललं होतं. छपराचे नुसते लाकडी फाटे उरलेले, कवेलूंचा ढीग रस्त्यावर, भांडीकुंडी उन्हात, आणि मधोमध काकू.

मी कॅमेरा उचलला. ती लाजली.

"कायले काढून राह्यला रे बाबू? कवेलू चढल्यावर काढ ना. आता घर नंगं दिसन."

"असू दे काकू. फक्त हसू नको."

"हसू नको त काय रडू? मंग माहा बुढा मेला तवा याचं होतं!"

आणि पुन्हा हसली. मी थांबलो. भट्टीचा धूर तिच्या डोळ्यांत गेला, तिनं पदर तोंडाशी नेला — तेवढ्यात मी बटण दाबलं. मग तिच्यासोबत हातोहात कवेलू वर द्यायलाही लागलो. चहा प्यालो तिच्याकडे.

रस्त्यात घरं जाणाऱ्यांसाठी आम्ही समिती काढली होती; तिचं पत्रक मी नागपूरला छापलं. फोटोखाली मी लिहिलं — सरकारी बुलडोझरने उघडा पाडलेला संसार. बुलडोझर तोवर साकोलीत आलाच नव्हता! कोणी म्हणेल, तरुण होतास, चूक झाली. पण इथल्या शेंबड्या पोरालाही ते कवेलू फेरणं कळलं असतं, म्हणून ती पत्रकं मी नागपुरातच वाटली, इथे वाटलीच नाहीत. मग चूक कसली?

पुढे खरा बुलडोझर आला. सगळी ओळ गेली. बदल्यात रस्त्यालगतच जागा मिळणार होती, त्यासाठी सुनावणी लागली. काकूची पाळी आली तेव्हा साहेबानं माझंच पत्रक टेबलावर ठेवलं. आम्ही यायच्या आधीच हे घर पडलेलं होतं, म्हणाला. पडीक घराला जागा नाही. शेजारी ओरडले. शेजारी एकमेकांच्या बाजूनं बोलणारच, साहेब म्हणाला.

काकू माझ्याकडे वळली. घाबरली नव्हती ती. फोटो काढणारा समोरच उभा होता ना.

"सांग ना बाबू यायले. कवेलू फेरून राह्यलो होतो ना आपण?"

आपण, म्हणाली.

एका वाक्याचं काम होतं. मागे समितीचे लोक बसले होते. एक फोटो खोटा ठरला की सगळी चळवळ खोटी ठरेल, असं मी मनाला सांगितलं. थापा! मला माझं नाव वाचवायचं होतं. मी म्हणालो, "मला नीट आठवत नाही."

बाकी सगळ्यांना जागा मिळाली. काकू तलावाच्या पाळीमागे झोपडीत गेली. तिथे बस थांबत नाही. दहा वर्षं होत आली, या वयातही टोपलं डोक्यावर घेऊन मुरमुरे विकत फिरते. छपरावर तणस आहे, नुसता भाताचा पेंढा. फेरायला कवेलू उरले नाहीत.

मी अजून भाषणं करतो. टाळ्या पडतात.

परवा ती बाजारात भेटली. शिवी देईल म्हणून मान खाली घातली मी. तिनं विचारलं, "त्या घराचा तोच एक फोटो हाय रे बाबू. मले देशीन का?"

निगेटिव्ह खराब झाली, असं मी तिला सांगितलं.

खराब झालेली नाही. माझ्या पेटीत आहे. उजेडाला धरली की पदराआड ती हसताना दिसते.