दोन निरीक्षकांचं एकमत

आमच्या रायपूरच्या मानसशास्त्र विभागात किस्से कोणी जमवत नाही. ते फर्स्ट इयरच्या प्रॅक्टिकलमधून आपोआप साचतात, सिंकमधल्या भांड्यांसारखे. रिसर्च मेथड्स हा पेपर कोणालाच नको असतो, म्हणून तो माझ्याकडे आहे. आणि माझी जुई तीन वर्षांची होत आली, पण अजून एक शब्द बोलत नाही. या दोन गोष्टींचा काही संबंध नाही, असं मी स्वतःला रोज सांगते.

*

सॅम्पलिंग शिकवलं. "रँडम म्हणजे मनाला येईल तो माणूस धरायचा नाही, चिठ्ठ्या टाकून निवडायचा!" घसा बसेपर्यंत सांगितलं. तरी दीपेश नावाचा मुलगा सगळी घरातलीच माणसं घेऊन आला.

"हे काय, दीपेश?"

"मैडम, चिट्ठी डाली थी. सब घर के ही निकले."

"चिठ्ठ्यांवर नावं कोणाची होती?"

"घर वालों की!"

*

रुपाली आमच्यातली, मराठी. वऱ्हाडातून आलेल्या रेल्वेवाल्यांची पोट्टी. सुनांच्या चिंतेवरची प्रश्नावली घेऊन ती बूढापारा मोहल्ल्यात गेली. एका घरी प्रत्येक प्रश्नाचं उत्तर सासूच देत होती.

"आंटी, भाभी को बोलने दीजिए ना."

"अरे, उसको क्या पता उसको क्या टेंशन है!"

वर्गात मी पोट धरून हसले. घरी आले, तर सासूबाई फोनवर कोणाला तरी सांगत होत्या, "जुईले काही नाही झालं. तिच्या मायलेच टेन्शन आहे."

*

मग प्रयोग. एका गटाला चहा देऊन शब्दांची यादी पाठ करायला लावायची, दुसऱ्याला चहाशिवाय. निकालात फरकच नाही! चौकशी केली, तर दीपेशने दुसऱ्या गटालाही गुपचूप चहा पाजलेला.

"बेचारे मुँह देख रहे थे, मैडम."

मी त्याला कोणत्या तोंडाने रागवणार? जुईच्या डॉक्टरांनी मला एवढंच सांगितलं होतं की मोबाइल बंद करा आणि काही दिवस थांबा. मी मोबाइल बंद केला. शिवाय बदाम चालू केले, जिभेला मध लावला, गाणी म्हटली, एका मावशींनी सांगितलेला ताईतही बांधला. उद्या जुई बोलली तर कशामुळे बोलली, हे मला कधीच कळणार नाही.

न कळू दे. बोलू दे!

*

पुढच्या तासाला विषय होता, निरीक्षकाला जे हवं असतं तेच दिसतं. मस्त झाला तास! त्याच संध्याकाळी नवरा नवा रायपुरातल्या ऑफिसातून आला, तशी मी दारातच म्हणाले, "जुई आज आई म्हणाली!"

"मले तर कधी ऐकू नाही येत."

"खरंच म्हणाली. स्वयंपाकघरात!"

"अजून कोणी ऐकलं? तूच शिकवून राहिली ना, एकाच निरीक्षकाचं धरत नाहीत म्हणून?"

तो हसत होता. चांगला माणूस आहे, निदान ऐकून तर घेतो.

*

म्हणून मी दोन निरीक्षक बसवले.

सासूबाई नागपूरला गेल्या होत्या, त्यामुळे जुई माझ्याबरोबर विभागात यायची. निरीक्षणाचं प्रॅक्टिकल राहिलं होतं ते रुपाली आणि दीपेशचं. त्या दोघांचं कधी जुळायचंच नाही. एकाच पोराबद्दल ही लिहायची 'खेळतो', तो लिहायचा 'मारतो'. मी दोघांना दोन कोपऱ्यांत बसवलं. एकमेकांचं बघायचं नाही. खोलीत जो शब्द बोलला जाईल, तो जसाच्या तसा उतरवायचा. दोघांचं जुळलं तरच पास!

मी भिंतीशी बसले, तोंडाला कुलूप लावून. माझ्या आवाजाने सगळं बिघडू नये, म्हणून श्वाससुद्धा जपून घेत होते. समोर जुई ठोकळे रचत होती. पाडत होती. पुन्हा रचत होती.

तास संपल्याची घंटा झाली. दोघांनी कागद शेजारी-शेजारी धरले आणि दीपेश ओरडलाच, "मैडम, मैच हो गया! पूरा का पूरा!"

"वाचा," मी म्हटलं.

रुपालीने वाचलं, "'बोल ना राणी. आई म्हण. आई. म्हण ना, आई. एकदा म्हण.'" मग मान वर करून ती खुशीत म्हणाली, "सारं तुमचंच आहे, मॅडम. पण एक शब्द इकडचा तिकडे नाही!"