बेबीबाईच्या भाकरीची घडी

वाशीम जिल्ह्यातला खाणारा माणूस रविवारी सकाळी आधी चहा घेतो की आधी 'ताट ओळखा' उघडतो, हे सांगणं कठीण आहे. हा व्हॉट्सअॅपवरचा ग्रुप. वाशीमचा हरीओम, मोबाइल दुकानवाला, तो चालवतो. दर रविवारी तो जिल्ह्यातल्या कुठल्या तरी हॉटेलातल्या ताटाचा फोटो टाकतो. पाटी दिसत नाही, भिंत दिसत नाही, दिसतं फक्त खाणं. हॉटेल कोणतं ते लोकांनी ओळखायचं, उत्तर संध्याकाळी. ज्याचं ताट असेल त्यानं तोवर तोंड उघडायचं नाही, एवढा एकच नियम. तो मोडला म्हणून हरीओमनं स्वतःच्या सख्ख्या मेव्हण्यालाही बाहेर काढलं आहे.

हसण्यावारी नेऊ नका, या खेळातली माणसं भलती पोचलेली आहेत. तळलेल्या मिरचीला उभी चीर दिसली की रिसोडचा अमका. आलुबोंड्यावर कढी ओतलेली असली तर कारंज्याचा, आणि तीच कढी बाजूला वाटीत दिली असली तर मंगरूळपीरचा. एकानं तर नुसत्या कांद्यावरून हॉटेल सांगितलं. "एवढा जाड कांदा शेलूबाजारातच कापतात, त्याइच्या सुरीले धारच नाही," असं त्यानं लिहिलं, आणि बरोबर निघालं की हो!

या ग्रुपात किन्हीराजाच्या फाट्यावरचा भाऊसिंग राठोड होता आणि त्याच्या फोनमधून त्याची बायको बेबीबाईही होती. फाट्यावर पत्र्याच्या शेडात दोघांचं हॉटेल. नाव 'जय सेवालाल'. याच नावाची हॉटेलं आजूबाजूला इतकी, की नाव विचारलं तर लोक पुढं विचारतात, कोणतं? भाऊसिंग गल्ल्यावर बसायचा, चहा करायचा आणि मोबाइल बघायचा. बाकी सगळं बेबीबाई.

बेबीबाईला त्या ग्रुपात एकच गोष्ट हवी होती. आपल्या ताटाचा फोटो यावा आणि कुण्या अनोळखी माणसानं म्हणावं, हे बेबीबाईचं. बक्षीस नको, कौतुक नको. नुसतं तेवढं म्हणावं.

एवढ्याशा गोष्टीचं एवढं काय, असं कुणाला वाटेल. त्यानं तिची आधीची वर्षं बघायला हवीत. ती मानोऱ्याकडच्या एका तांड्यातली. दिवाळी झाली की आईबापांबरोबर ऊसतोडीला जायचं, पाचटाच्या खोपीत राहायचं, उन्हाळ्यात परतायचं. भाऊसिंगशी लग्न झालं आणि माणसं बदलली, ऊस तोच राहिला. तोडीला नवराबायकोच्या जोडीला मिळून एक 'कोयता' म्हणतात. मुकादम हाक मारायचा, "भाऊसिंगचा कोयता कुठी आहे?" त्या कोयत्यात बेबीबाई अर्धी होती आणि काम पाहिलं तर अर्ध्याहून जास्तच होती, पण तिचं नाव कुणाच्या तोंडी नव्हतं. मग एका वर्षी मुकादमाची गाडी तांड्यावर आली, भांडीकुंडी चढली, माणसं चढली आणि बेबीबाई चढलीच नाही. भाऊसिंगनं गाडीवरून तिला खालून वर आणि वरून खाली पाहिलं. "काहून थांबली वं?" "मी आता दुसऱ्याच्या रानात नाही, माह्या चुलीपाशी राबीन," ती म्हणाली. गाडी गेली, पण त्याआधी भाऊसिंगही खाली उतरला, हे त्याच्याबद्दल चांगलंच सांगायला हवं.

तर असं ते हॉटेल. सुरू करायच्या आधी दोघं वाशीमला पुसद नाक्यावरच्या 'हॉटेल चुलांगण'मध्ये जाऊन जेवून आले. नाव चुलांगण आणि आत एसी. मोठं हॉटेल कसं वाढतं ते बेबीबाईनं डोळे फाडून पाहून घेतलं. तळहाताएवढी गोल भाकर, वर तुपाचा हात. छोट्याशा हंडीत भाजी. कांद्याचं फूल. परत येताना वाशीमच्या बाजारातून तिनं तसल्याच हंड्या घेतल्या. मोठ्या भाकरी सोडल्या, छोट्या थापायला लागली. तिच्या मनानं घेतलं होतं की हॉटेल म्हणजे असंच असतं, आपलं जे आहे ते रानातलं, ते गिऱ्हाइकाला कसं द्यायचं?

हॉटेल चाललंही. आणि एका रविवारी ताट आलं. हंडी, फूल, तुपाची भाकर. बेबीबाईनं आपलं ताट लांबूनच ओळखलं. तिच्या हातातलं पीठ हातातच वाळलं. भाऊसिंग एकेक उत्तर वाचत गेला.

"चुलांगण."

"डोळे मिटून सांगतो, चुलांगण."

"चुलांगण, अजून कोण?"

संध्याकाळी हरीओमनं खरं नाव सांगितलं, तेव्हा सगळ्यांनी तोंडभरून वाहवा केली. फाट्यावर चुलांगणासारखं मिळतं म्हणजे कमालच, वगैरे. भाऊसिंगची कॉलर ताठ झाली.

"पाह्य बेबे, चुलांगणाची बरोबरी केली तू!"

"मंग मी कुठी आहो त्यात?" बेबीबाई म्हणाली, आणि हंडी अशी आपटली की तिचा कान मोडला.

पुढंही एकदा तसंच झालं. नाव चुलांगणाचं निघालं. भाऊसिंगला काही कळेना की बायको चिडते कशाला. बेबीबाईला मात्र कळत होतं, फक्त त्यावर उपाय सापडत नव्हता. उसात ती भाऊसिंगचा कोयता होती, इथं चुलांगणाची नक्कल झाली होती.

उपाय तिनं शोधला नाही, तो घाईगर्दीत झाला. रामनवमी जवळ आली होती. मेहकर, जालन्याकडची माणसं गाड्या भरभरून पोहरादेवीच्या यात्रेला निघाली होती आणि फाट्यावर थांबत होती. कुणाला बसून जेवायला वेळ नाही. "बाई, बांधून द्या, गाडीत खाऊ." हंड्या संपल्या. कांद्याची फुलं करायला कुणाला सवड? छोट्या भाकरी थापून पुरवठा होईना. मग बेबीबाईच्या हातांनी तिला न विचारताच आपला जुना धंदा सुरू केला.

ही घडी तिच्या आईची, लीलाबाईची. उसाच्या फडात जेवायला बसायला मिळत नाही, म्हणून ही भाकर. ज्वारीची, मोठी, पातळ. तव्यावरून उतरली की वाफ असतानाच तिच्यावर लसूण-मिरचीची चटणी फासायची, तेलाची धार सोडायची आणि त्याच दमात अर्ध्यात, मग परत अर्ध्यात दुमडायची. शेवटचं टोक पदर खोचावा तसं आत खोचायचं. चटणी सांडत नाही, एका हातात कोयता धरून दुसऱ्या हातानं खाता येते. बोटं भाजतात. भाकर थंड होऊ दिली तर बोटं वाचतात, पण मग घडी घालताना ती तुटते. लीलाबाई पोरीला म्हणायची, "हात भाजन तं भाजू दे, भाकर फाटू देऊ नोको." बेबीबाईनं त्या गर्दीत किती घड्या घातल्या ते तिला माहीत नाही. जाणारे परतीच्या वाटेवर पुन्हा थांबले आणि म्हणाले, "ती घडीची भाकर द्या."

यात्रा संपली आणि बेबीबाईनं पुन्हा हंड्या काढल्या! सांगायला लाज वाटते, पण काढल्या. तेव्हा आड आल्या वैजयंती सिस्टर. त्या आरोग्य उपकेंद्रातल्या, रोज दुपारी गाडी थांबवून इथंच जेवायच्या.

"हे काय? घडीची भाकर कुठाय?"

"सिस्टरबाई, थे काय हॉटेलातलं खाणं आहे? थे रानातलं."

"मंग मी रानात जाऊन खाऊ का? घाला घडी."

बेबीबाईनं घातली. स्टीलच्या ताटात घडी, शेजारी झुणका, बुक्कीनं फोडलेला कांदा. सिस्टरांनी खाण्याआधी फोटो काढला आणि हरीओमला पाठवला.

रविवारी तो आला. बेबीबाईचा जीव टांगणीला. चुलांगणाचं नाव या वेळी कुणीच घेतलं नाही. पण दुसरंही नाव घेतलं नाही. "हे काय आहे?" "रोल का?" "जिल्ह्याबाहेरचं दिसतं, हरीओमभाऊ, चीटिंग नको." संध्याकाळी उत्तर आलं तेव्हा लोकांनी नुसतं "अच्छा" म्हटलं. बेबीबाई त्या दिवशी जेवली नाही. आधी निदान दुसऱ्याचं तरी नाव निघायचं, आता कुणाचंच निघालं नाही, असं तिला वाटलं.

पण हंड्या तिनं परत काढल्या नाहीत. का, ते विचारलं तर ती म्हणते, "हारलो तं आपल्या हातानं हारलो." आणि सोमवारपासून माणसं यायला लागली, ते "अच्छा"वालेच. घडी कशी घालतात ते चुलीपाशी उभं राहून बघायची, चटके सोसणारी बोटं बघून चुकचुकायची, बाईचं नाव विचारायची, खायची, आणखी एक मागायची. मालेगावचे वकील यायचे, एसटीचे ड्रायव्हर यायचे, लग्नाच्या वऱ्हाडाची गाडी थांबायची. उन्हाळा गेला, सोयाबीन पेरून झालं, फवारण्या झाल्या, आणि घडीची भाकर फाट्यावर अशी रुळली की लोक एसटीत कंडक्टरला नुसतं "घडीवाल्या बाईपाशी थांबवा" म्हणायला लागले.

दसऱ्याच्या आसपासचा एक रविवार. बेबीबाई तव्यापाशी होती. भाऊसिंग गल्ल्यावरून ओरडतच आला.

"बेबे! आपलं ताट! आपलं ताट आलं!"

तिनं हात पुसून फोन घेतला. पांढरीशुभ्र प्लेट. त्यात घडीची भाकर, शेजारी झुणका, फोडलेला कांदा. आणि भाकरीच्या टोकाला एक बारीकशी काडी टोचलेली.

"आपलं नाही हे," बेबीबाई म्हणाली.

"काहून नाही? घडी पाह्य ना!"

"घडीच पाहून राह्यली. थंड झाल्यावर घातली यानं. धारेवर तुटली आहे, पाहा. उकलून राह्यली म्हणून काडी टोचली." मग तिनं बारकाईनं पाहिलं. झुणका एका हंडीत होता. ती हंडी तिला चांगलीच ओळखीची होती, तिच्याकडच्या माळ्यावर तसल्याच पडल्या होत्या. "चुलांगण आहे हे."

भाऊसिंग लालबुंद झाला. "त्याइनं आपली घडी चोरली? मी आताच जातो वाशीमले. जाब विचारतो."

"बसा खाली. आधी वाचा, लोक काय म्हणून राह्यले."

भाऊसिंग धुसफुसत बसला आणि वाचायला लागला.

"किन्हीराजा फाटा. बेबीबाई."

"बेबीबाई."

"हे काय विचारणं झालं? बेबीबाईची घडी आहे."

"बेबीबाई. फक्त काडी कायले लावली बाई?"

"आमच्या बेबीबाई!" हे वैजयंती सिस्टरांचं.

तो वाचत राहिला आणि त्याचा आवाज हळूहळू उतरला. एकाही माणसानं भाऊसिंगचं हॉटेल म्हटलं नव्हतं. एकानंही चुलांगण म्हटलं नव्हतं. वाचता वाचता त्यालाही हसू फुटलं. बेबीबाई पदराचं टोक तोंडाशी धरून ऐकत होती.

"परत वाचा," ती म्हणाली.

त्यानं परत वाचलं.

ताट आपलं नव्हतं, म्हणजे गप्प बसायचा नियमही आपल्याला लागू नव्हता. भाऊसिंग म्हणाला, "सांगून टाकू का?" बेबीबाईनं मान हलवली. "चुकू द्या की त्याइले दिवसभर." आणि दिवसभर ती भाकरी थापत राहिली, मध्येच फोनकडं बघून विचारत राहिली, "अजून कोनं म्हटलं?" इतकी खूश बेबीबाई भाऊसिंगनं लग्नातही पाहिली नव्हती.

संध्याकाळी हरीओमनं लिहिलं, "सगळे चूक! हॉटेल चुलांगण, पुसद नाका. त्यांची नवीन डिश." मग कुणीतरी विचारलं, "म्हणजे चुलांगणानं बेबीबाईची नक्कल केली?" त्यावर हसणाऱ्या तोंडांची रांग लागली.

बेबीबाईनं आधी मानोऱ्याकडं आईला फोन लावायला सांगितलं. "याडी, तुही घडी वाशीमच्या एसीत जाऊन बसली." लीलाबाईनं एसी कसला ते विचारलंच नाही. ती म्हणाली, "फाटली तं नाही ना?"

"फाटली."

"मंग सांग ना त्याइले!"

बेबीबाई त्या ग्रुपात कधी बोलली नव्हती. तिनं भाऊसिंगला माइकचं बटण कुठं असतं ते विचारलं, पिठाचं बोट त्यावर दाबलं आणि फडात हाक घालावी अशा खणखणीत आवाजात बोलली.

"मी किन्हीराजाच्या फाट्यावरची बेबीबाई बोलून राह्यली. सकाळचं थे ताट माह्यं नाही. माह्यी घडी फाटत नाही, मले काडी लागत नाही. चुलांगणवाल्या दादा, भाकर तव्यावरून उतरली का वाफेतच घडी घाला लागते. हात भाजते, पण भाकर फाटत नाही. शिकाची असन तं या, चुलीपाशी जागा आहे."