केरसुणीची काडी

देव आणि सरकार यांचं भांडण लागलं, तर दोघांचंही वकीलपत्र घेऊन संध्याकाळी दोघांना एकाच ओसरीवर चहाला बसवील असा माणूस अख्ख्या श्रीगोंद्यात एकच होता, आमच्या शेजारचे वकीलकाका. काळ्या कोटाच्या एका खिशात पंचांग, दुसऱ्यात कायद्याचं पुस्तक. राहुकाळात युक्तिवाद सुरू करायचा नाही, म्हणून तो टळेपर्यंत ते नुसते खोकत उभे राहत. एकदा न्यायाधीशच वैतागून म्हणाले, "वकीलसाहेब, राहू उठला की सांगा, तोवर मी पुढचं प्रकरण घेतो."

बहात्तरच्या दुष्काळात त्यांच्याकडे कर्जतकडची पारू आली. पंचांसमोर गवताची काडी मोडून तिची पहिल्या नवऱ्यापासून फारकत झाली होती, मग तिने दुसऱ्याशी पाट लावला. आता पहिल्याने फिर्याद ठोकली, की नवरा जिवंत असताना हिने दुसरं लग्न केलं. शाबीत झालं असतं तर पारू तुरुंगात आणि कडेवरचं पोर वाऱ्यावर. जुन्या रूढीने झालेली फारकत कायदा मानत होता, पण रूढी खरी आहे हे दाखवायला हवं होतं, आणि समोरचा वकील म्हणत होता, काडीमोड वगैरे सगळी बनवाबनवी.

काकांनी म्हाताऱ्या पंचाला साक्षीला उभं केलं आणि म्हणाले, "करून दाखवा." पण दुष्काळात गवताची काडी आणायची कुठून? काकांनी तडक कोर्टाच्या कोपऱ्यातली केरसुणी गाठली आणि तिची काडी उपसली. म्हातारा पिंजऱ्यातून ओरडला, "आवं वकीलसायेब, केरसुनी म्हंजी लक्षुमी हाय! तिची काडी मोडत्यात व्हय? आमच्यात त्ये चालत न्हाई. वाळल्या गवताचीच लागती!"

न्यायाधीशांना हसू आलं. इतके बारीक नियम कुणी आयत्या वेळी रचत नसतं, असं म्हणून त्यांनी रूढी मान्य केली. पारू सुटली. केरसुणी आपण मुद्दामच उपसली, असं काका पुढे गावभर सांगत फिरले. आम्ही माना डोलवायचो.

पारू पेढे घेऊन आली तेव्हा काकांच्या बहिणीने, आक्काने, तिची ओटी भरली. आक्काचा नवरा लग्नाच्या वर्षीच तिला टाकून दुसरीबरोबर नांदायला गेला होता. पारू गेल्यावर काका हळूच म्हणाले, "आक्का, तुझाही अर्ज करू या का? कायद्याने आता सुटता येतं गं."

"कायदा तुझा, दादा," आक्का म्हणाली. "माझं लग्न अग्नीसमोर लागलंय." आणि कपबश्या उचलून ती आत गेली.

"आमच्यात काडीच नाही रे," काका शेजारी बसलेल्या मला म्हणाले. राहुकाळ केव्हाच टळला होता, तरी ते बराच वेळ नुसतेच खोकत बसले.