व्याह्यांच्या कोठारात

मेन राज्याच्या पार वरच्या टोकाला, नदीपलीकडे कॅनडा दिसतो अशा एका लाकूडतोड्यांच्या गावात माझ्या मुलीनं सासर शोधलं. गाव अमेरिकेतलं, पण पेट्रोल पंपापासून चर्चपर्यंत सगळे फ्रेंच बोलतात आणि हवेला कायम ओल्या भुशाचा वास. व्याही जन्मभर जंगलात झाडं पाडत आले. नाश्त्याला त्यांच्याकडे घावनासारखं काहीतरी करतात, तेवढं मला आवडतं. बाकी इतका बर्फ सोसून माणसं तिथे का राहतात, हे मला आजवर कळलेलं नाही.

यंदा गेलो तो पोटात कॅन्सरची गाठ घेऊन. मुलीखेरीज कोणाला सांगितलं नव्हतं. कोणी कीव केलेली मला खपत नाही.

नाश्त्यानंतर व्याही मला कोठारात घेऊन गेले. मुलगी-जावई मागून आले. कोपऱ्यात सीडरच्या फळ्यांची सुबक पेटी होती, आत बटाटे भरलेले. मी कौतुकानं तिच्यावर हात फिरवला.

"दॅट्स डॅड्स कॉफिन," जावई म्हणाला. "त्यांनी स्वतःच बनवलीय. तोवर बटाटे ठेवतात."

मी चटका बसल्यासारखा हात मागे घेतला. तेवढ्यात व्याह्यांनी पलीकडची ताडपत्री ओढली. छातीपर्यंत रचलेली मॅपलची लाकडं. त्यांनी लाकडांकडे बोट दाखवलं, मग माझ्याकडे.

बायको गेली तेव्हा आमच्या गावी, पिस्कॅटवेत, मला शवदाहिनीचं नुसतं एक बटण दाबावं लागलं, आमच्याकडे खरं तर लाकडावर जाळतात, हे मीच कधीतरी जेवताना बोललो होतो. आणि या माणसानं माझं सरण तोडून ठेवलं होतं.

"बाबा, आय टोल्ड देम," मुलगी म्हणाली. "सॉरी."

मी भडकलो. या देशात असं उघड्यावर जाळू देत नाहीत, हे सुनावायला तोंड उघडलं, तोच व्याह्यांनी एक ओंडका माझ्या हातात दिला. चांगलाच जड होता. ते फ्रेंचमध्ये सावकाश बोलत राहिले आणि जावई सांगत गेला. लाकूड ओलं आहे, आत्ताच तोडलंय. दोन उन्हाळे वाळायला हवेत. त्याआधी नुसता धूर होईल, तेव्हा घाई करून चालणार नाही.

डॉक्टरांनी मला येत्या दिवाळीचीसुद्धा खात्री दिली नव्हती.

मी ओंडका जागेवर ठेवला. "त्यांना सांग," मी जावयाला म्हटलं, "लाकूड झाकून ठेवू नका. वारा लागू दे."